मुलाचा दात वेळेवर आला नाही तर: जबड्यातील दातांच्या साध्या गाठी, त्यांची तपासणी आणि उपचार

आमच्या केंद्रात दात व जबडा यांचे एक्स-रे, ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आणि सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढले जातात. इंदूर शहरातील, तसेच देवास, धार, महू आणि उज्जैन येथील दंतवैद्य आपल्या रुग्णांना चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवतात, आणि चित्र तयार झाल्यावर पहिला प्रश्न साहजिकच आम्हाला विचारला जातो, की यात काय दिसते आहे. जबड्यात गाठ दिसली असेल तर या प्रश्नाचे उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देणे योग्य नाही. म्हणून, दात घडवणाऱ्या पेशींपासून जबड्यात तयार होणाऱ्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींविषयी आपल्याला घरी शांतपणे वाचता येईल अशी माहिती येथे दिली आहे.

प्रत्येक दात जबड्याच्या हाडात एका अंकुरापासून तयार होतो. काही पेशी त्याचे बाहेरचे कठीण इनॅमल घडवतात, काही आतले डेंटिन घडवतात, आणि काम संपल्यावर यांतील बऱ्याच पेशी नाहीशा होतात. मात्र त्यांची लहान लहान बेटे हाडात आणि हिरडीत शिल्लक राहतात. कधी दात घडण्याच्या काळातच या पेशींची घडण चुकते, तर कधी शिल्लक राहिलेल्या पेशी पुढे अनेक वर्षांनी वाढू लागतात, आणि अशा दोन्ही प्रकारांतून गाठी तयार होतात. गोड खाणे, दात कमी घासणे, किडलेला दात किंवा तंबाखू यांमुळे या गाठी होत नाहीत. हे आम्ही आग्रहाने लिहितो, कारण मुलाच्या जबड्यात गाठ निघाली की घरातील मंडळी, विशेषतः आई, स्वतःला दोष देऊ लागते, आणि त्याला काहीही आधार नसतो.

संशय केव्हा घ्यावा

पटाशीचे वरचे मधले दात साधारणपणे ७ ते ८ व्या वर्षी, त्यांच्या शेजारचे ८ ते ९ व्या वर्षी आणि वरचे सुळे ११ ते १२ व्या वर्षी येतात. यात काही महिने मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. परंतु एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात आला नाही, किंवा दुधाचा दात पडण्याचे वय उलटूनही तो घट्ट बसून आहे, तर आणखी वाट न पाहता दंतवैद्यांना दाखवावे. "आमच्या घरात सगळ्यांचे दात उशिराच येतात" हे कारण दोन्ही बाजूंचे दात सारखेच उशिरा येत असतील तेव्हा पटण्यासारखे असते, एकाच बाजूचा दात अडला असेल तेव्हा नव्हे.

मोठ्यांमध्ये लक्षणे वेगळी असतात. गालाच्या बाजूने जबडा हळूहळू फुगतो, किड नसलेली दाढ हलू लागते, किंवा दातांमध्ये नवी फट पडते. दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष होते. सूज आली की अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, मधल्या काळात गरम शेक, असे चालू राहते. पण गोळ्यांनी न उतरलेल्या सुजेचे चित्र काढल्याशिवाय पुढचा कोर्स घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चित्रात काय दिसते आणि काय दिसत नाही

सुरुवात साध्या, तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढलेल्या एक्स-रेने, किंवा दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या ओपीजीने होते. एका ओपीजीत मिळणारी किरणांची मात्रा सुमारे १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट असते (मायक्रोसिव्हर्ट हे ही मात्रा मोजण्याचे एकक आहे; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). पृथ्वीवर राहणाऱ्या माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट किरण मिळतात, हे लक्षात घेतले तर ओपीजीची मात्रा दीड ते चार दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकी ठरते. सीबीसीटी जबड्याचे तिन्ही दिशांनी चित्र देतो, पण त्याची मात्रा यंत्र आणि स्कॅनचे क्षेत्र यांनुसार काही दहा मायक्रोसिव्हर्टपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाऊ शकते. म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर ओपीजीतून मिळाले आहे त्यासाठी सीबीसीटी काढू नये, आणि मुलांच्या बाबतीत गाठ असलेल्या भागापुरतेच लहान क्षेत्र निवडावे. चिठ्ठीवर संपूर्ण जबड्याचा स्कॅन लिहिलेला असला आणि गरज एकाच भागाची वाटली, तर आम्ही डॉक्टरांना फोन करून विचारतो. गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास कृपया चित्र काढण्यापूर्वी सांगावे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे ओडोंटोमा. खरे पाहता ही दाताच्याच घटकांची चुकीची घडण आहे. इनॅमल, डेंटिन, सिमेंटम (मुळावरचे कठीण आवरण) सगळे असते, पण दात म्हणून जसे रचले जायला हवे तसे रचलेले नसते. तिचे दोन प्रकार आहेत. कंपाउंड ओडोंटोमात दाताच्या आकाराचे अनेक छोटे तुकडे एका पिशवीत असतात आणि तो बहुधा वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात असतो. कॉम्प्लेक्स ओडोंटोमात आकारहीन, घट्ट पांढरा गोळा दिसतो आणि तो जास्त करून खालच्या जबड्यात मागे, दाढांपाशी असतो. दोन्हींभोवती एक बारीक काळी रेषा असते, आणि बऱ्याचदा त्याच्या मागे किंवा खाली अडकलेला कायमचा दात दिसतो. आतील तुकड्यांची संख्या किती वाढू शकते याची दोन उदाहरणे आपण वर्तमानपत्रांत वाचली असतील: २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १७ वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून २३२, आणि २०१९ मध्ये चेन्नईत ७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दातसदृश तुकडे काढण्यात आले. ही टोकाची उदाहरणे आहेत. बहुतेक मुलांमध्ये तुकडे थोडे आणि गाठ लहान असते.

दुसऱ्या बाजूला अमेलोब्लास्टोमा आहे. तो बहुतेक वेळा खालच्या जबड्यात, दाढा आणि त्यामागच्या हाडात, तिशी-चाळिशीच्या आसपास सापडतो. त्याचे चित्र काळे, अनेक कप्प्यांचे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसते. शेजारच्या दातांची मुळे झिजलेली आणि हाड दोन्ही बाजूंनी फुगलेले असते. तरुण वयात मात्र याचाच एक प्रकार एकाच पोकळीचा असतो, आणि तो अक्कलदाढेभोवतीच्या साध्या सिस्टसारखा (सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी) हुबेहूब दिसतो. केराटोसिस्ट नावाचा आजारही असाच दिसू शकतो. ॲडेनोमॅटॉइड गाठ किशोरवयीन मुलींमध्ये, वरच्या न आलेल्या सुळ्याभोवती अधिक आढळते. साधी सिस्ट दाताच्या मानेपाशी सुरू होते, तर ही गाठ मुळाच्याही बऱ्याच भागाला वेढते, आणि तिच्यात कधी कधी बारीक पांढरे ठिपके असतात. असे बारकावे आम्ही अहवालात नोंदवतो.

तरीही आमच्या अहवालात आजाराच्या नावाआधी "शक्यता" हा शब्द असतो, आणि तो आम्ही जबाबदारीने लिहितो. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, खालच्या जबड्यातील ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहे, हाडाची बाहेरची भिंत शाबूत आहे का, हे चित्र नेमके सांगते. गाठीचे नाव मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते, आणि उपचार त्या नावावर अवलंबून असतो. केवळ आमच्या स्कॅनवरून कोणी मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, किंवा उलट "सिस्ट आहे, खरवडून काढू" म्हणत असेल, तर तुकडा तपासणी (बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा भाग काढून तपासणे) का केली नाही हे आपण विचारावे. चित्रावरून ओडोंटोमा अगदी उघड दिसत असेल तर गाठ काढतानाच ती तपासणीला पाठवणे पुरेसे असते. काळ्या दिसणाऱ्या गाठींसाठी आधी तुकडा घेणे हाच रास्त मार्ग आहे.

तुकडा तपासणीविषयी

गाठीला सुई किंवा चाकू लागला की ती पसरते, असा समज आपल्या समाजात खोलवर आहे. या साध्या गाठींचा तुकडा घेतल्याने त्या कॅन्सरमध्ये बदलत नाहीत आणि शरीरात पसरतही नाहीत. बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन डॉक्टर आधी सुईने आतले द्रव ओढून पाहतात, कारण आत रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर ती उघडणे धोक्याचे असते. त्यानंतर छोटा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पाठवतात.

अहवालाला वेळ लागतो, आणि त्याचे कारण ठाऊक असले तर काळजी कमी होते. दाताचे आणि हाडाचे तुकडे इतके कठीण असतात की त्यांचे पातळ काप घेण्यापूर्वी ते आम्लात ठेवून मऊ करावे लागतात, आणि यात कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडेही जातात. त्यामुळे उशीर झाला म्हणजे काही गंभीर निघाले, असा अर्थ काढू नये.

उपचार

ओडोंटोमाचा उपचार सोपा आणि कायमचा आहे. हिरडी उघडून, हाडात छोटी खिडकी करून, सगळे तुकडे त्यांच्या पिशवीसह काढतात. बऱ्याच मुलांमध्ये हे जागा बधिर करून होते. फार लहान किंवा घाबरलेल्या मुलांसाठी आणि मोठ्या गाठींसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. गाठ पूर्ण काढली की ती परत होणे अत्यंत दुर्मीळ आहे. खरे लक्ष त्यानंतर अडकलेल्या दाताकडे द्यावे लागते. त्याचे मूळ अजून पूर्ण झाले नसेल आणि जागा मोकळी असेल, तर वाट मोकळी झाल्यावर तो काही महिन्यांत आपोआप खाली येऊ शकतो. तसे न झाल्यास त्यावर छोटे बटण चिकटवून तारेच्या साहाय्याने त्याला हळूहळू जागेवर आणतात. गाठीबरोबर तो दातही काढून टाकू, असा सल्ला मिळाला तर तार लावणाऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये; पुढचा दात वाचवण्यासारखा असताना गमावणे मुलाला आयुष्यभर जाणवते. ॲडेनोमॅटॉइड गाठही अशीच संपूर्ण काढली की पुरते.

एक बाब थोडक्यात, पण महत्त्वाची. एकाच मुलाला अनेक ओडोंटोमा, जास्तीचे दात आणि कवटीवर किंवा जबड्यावर हाडाचे उंचवटे असतील, तर गार्डनर सिंड्रोम हा आनुवंशिक आजार असू शकतो, ज्यात मोठ्या आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणारे कोंब) होतात आणि पुढे कॅन्सरचा धोका राहतो. घरात कोणाला कमी वयात आतड्याचा आजार झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अमेलोब्लास्टोमाला साधी गाठ म्हटले, तरी तिला हलके घेता येत नाही. तिच्या पेशी चित्रात दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे हाडाच्या जाळीत शिरलेल्या असतात. म्हणून नुसती खरवडून काढली तर ती पुन्हा होण्याचे प्रमाण फार मोठे असते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी ठरते. रूढ उपचार म्हणजे गाठीच्या दिसणाऱ्या कडेपासून १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडासह तो भाग काढणे. हे ऐकून कुटुंब हादरते, हे आम्ही पाहतो. पण पायाच्या नडगीशेजारचे फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसह आणून जबडा पुन्हा उभा करता येतो, आणि पुढे त्यावर इम्प्लांट बसवून दातही लावता येतात. एकाच पोकळीच्या प्रकारात, पेशी भिंतीत शिरलेल्या नसतील, तर कमी शस्त्रक्रियेने भागते, आणि हा फरक केवळ पॅथॉलॉजी अहवालातून कळतो. २०१४ मध्ये या गाठींपैकी अनेकांत बीरॅफ नावाच्या जनुकातील बदल आढळल्यापासून त्यावरील गोळ्यांचा निवडक रुग्णांत वापर सुरू झाला आहे, मात्र शस्त्रक्रिया हाच आजही मुख्य उपचार आहे.

इंदूरमध्ये शासकीय दंत महाविद्यालय आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय येथे अशा रुग्णांना दाखवता येते. आयुष्मान कार्ड असल्यास पहिल्याच भेटीत सोबत न्यावे आणि आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर

लहान शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस सूज राहते. वरण-भात, खिचडी, मऊ पोहे चालतात. पोह्यांवरची शेव आणि कुठलाही कडक फरसाण मात्र टाके निघेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, कारण त्याचे टोकदार तुकडे जखमेत अडकतात. स्ट्रॉने पिणे, जोरात चुळा भरणे आणि तंबाखू टाळावी. ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकला तर डॉक्टरांना कळवावे.

ओडोंटोमानंतर हाड भरले का आणि दात सरकतो आहे का हे पाहण्यासाठी सुमारे सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षभराने चित्र काढले जाते. अमेलोब्लास्टोमा मात्र दहा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणे आहेत, म्हणून त्याच्या रुग्णांनी तपासणी मधेच सोडू नये. मूळ स्कॅनची सीडी, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शक्य असल्यास प्रयोगशाळेकडील स्लाइड व ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला गाठीचा तुकडा) जपून ठेवावेत, आणि पुढच्या प्रत्येक वेळी जुने चित्र सोबत आणावे, म्हणजे नव्या चित्राची त्याच्याशी तुलना करूनच आम्ही अहवाल देऊ.