स्लाव्हिया की व्हर्टस : निवड नेमकी कशाची करायची?

इंदूरमधल्या एखाद्या घरात मध्यम आकाराची सेडान घ्यायचे ठरले की स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस ही नावे बहुधा जोडीनेच निघतात, आणि मग कोणती बसायला आरामशीर, कोणती वळणावर भक्कम, यावर चर्चा रंगते. ही चर्चा मला सुरुवातीलाच वाट चुकल्यासारखी वाटते, कारण या दोन्ही गाड्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात, भारतासाठी बेतलेल्या एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, तयार होतात. दोन्ही २०२२ साली बाजारात आल्या. दोन्हींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २६५१ मिलिमीटर आहे, डिकी ५२१ लिटरची आहे, आणि २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक-चाचणीत दोन्हींना मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाच-पाच तारे मिळाले. व्हर्टस २० मिलिमीटरने लांब आहे हे खरे, पण चाकांमधले अंतर तेच असल्यामुळे त्या लांबीने मागे बसणाऱ्याच्या पायांना वेगळी जागा मिळत नाही. स्लाव्हियाचे स्टिअरिंग दोन दांड्यांचे आहे, व्हर्टसचे तीन दांड्यांचे. चेहरेपट्टी निराळी आहे. तेवढ्यापुरता निर्णय डोळ्यांवर सोडावा.

खरा फरक एकाच नावाच्या दोन गाड्यांमध्ये असतो, आणि तो इंजिनाचा आहे; स्लाव्हिया असो वा व्हर्टस, दोन्हींत हीच दोन इंजिने मिळतात. ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन ११५ पीएस (अश्वशक्ती) आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, देते, तर १४९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर देते. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात. त्यांचा अर्थ ओंकारेश्वरला जाताना कळतो. सिमरोल मागे पडून भेरूघाट सुरू झाला की गाडीत पाच माणसे, डिकीत सामान आणि समोर रांगत चाललेला ट्रक अशी स्थिती हमखास येते. परतीच्या चढावर वळण घेताना वेग पडतो आणि इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दीड हजाराच्या खाली येतात; लहान इंजिनाचा पूर्ण टॉर्क साधारण १७५० फेऱ्यांपासून मिळत असल्यामुळे तिथे क्षणभर गाडी दम धरल्यासारखी वाटते आणि वेळीच खालचा गिअर टाकावा लागतो. मोठ्या इंजिनात ही ओढ थोडी आधी सुरू होते आणि मुळातच जास्त असते, त्यामुळे चालकाची धावपळ कमी होते. चालकाची धावपळ कमी झाली की मागे बसलेल्या आईला लागणारे झटकेही कमी होतात, म्हणून हाताळणी आणि आराम या गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

शहरात मात्र पारडे दुसरीकडे झुकू शकते. लहान इंजिनासोबत मिळणारा सहा गिअरांचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा आहे. त्यात शक्ती द्रवपदार्थातून पोहोचते, त्यामुळे इंदूरच्या राजवाड्याजवळच्या गर्दीत हातभर पुढे, पुन्हा थांबा, अशी चाल तो मऊपणे निभावतो. मोठ्या इंजिनासोबतचा सात गिअरांचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोरड्या दुहेरी क्लचवर चालतो. मोकळ्या रस्त्यावर तो अतिशय चपळ आहे, पण सतत रांगत राहणे हे त्याच्या क्लचला तापवणारे काम आहे. ज्यांचे रोजचे जाणे-येणे पलासियाच्या सिग्नलांपुरते आणि घाट वर्षातून दोनदा, त्यांनी लहान इंजिन घ्यावे असे मी मनापासून सांगेन.

मागच्या सीटची परीक्षा शोरूममध्येच करावी. पुढची सीट आपल्या उंचीला हवी तशी लावून आपणच तिच्या मागे बसावे, आणि मधल्या जागी घरातल्या तिसऱ्या माणसाला बसवावे. मध्ये वर आलेल्या उंचवट्यामुळे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न तिथेच समोर येतो. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे, कारण सेडानमध्ये खाली वाकून बसणे आणि जोर लावून उठणे त्यांनाच करायचे असते. १७९ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, रिकाम्या गाडीचा आहे आणि माणसे बसली की तो कमी होतो, हेही गतिरोधक ओलांडताना लक्षात ठेवावे.

किमतीचा विचार करताना करामुळे कोणी लहान इंजिनाकडे वळू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे, मग इंजिन ९९९ सीसीचे असो वा १४९८ सीसीचे. फसगत होते ती नावांत. व्हर्टसची ‘जीटी लाइन’ दिसायला खेळकर आहे, पण तिच्यात लहान इंजिन असते. स्लाव्हियाची ‘मोंटे कार्लो’ दोन्ही इंजिनांसह आली आहे. तेव्हा बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी कोटेशनवर इंजिनाचे सीसी आणि गिअरबॉक्सचा प्रकार लिहून घ्यावा, आणि चाचणीसाठी नेमकी तीच गाडी मागून ती निदान एकदा घरच्या पाचही जणांना बसवून चालवावी.