क्नोसोस की फेस्तोस? क्रीटमधल्या दोन राजवाड्यांत खरा फरक काय

ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणारे बरेच जण म्हणतात की क्नोसोस बघितलं म्हणजे मिनोअन, म्हणजे तिथल्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीचा, राजवाडा बघून झाला, मग तसलेच दगड बघायला फेस्तोसपर्यंत गाडी कशाला हाणायची. नुसता प्लॅन समोर ठेवला तर त्यांचं पटतंसुद्धा, कारण दोन्हीकडे मधोमध साधारण 50 बाय 25 मीटरचं उत्तर-दक्षिण अंगण, भोवती खोल्याच खोल्या, पश्चिमेला फरसबंद चौक आणि कोठारांत मोठाले रांजण. दोन्ही राजवाडे इ.स.पूर्व 1900 च्या आसपासचे, 1700 च्या सुमारास पडले आणि परत बांधले गेले. पण आज तिथे उभं राहून जे दिसतं ते फारच वेगळं आहे.

क्नोसोस हेराक्लिओन या क्रीटच्या मुख्य शहरापासून जेमतेम 5 किलोमीटर, सिटी बस जाते. तिथे पहिल्यांदा खणलं ते मिनोस कालोकेरिनोस या तिथल्याच व्यापाऱ्याने, 1878 मध्ये, पण नाव झालं इंग्रज आर्थर इव्हान्सचं, ज्याने 1900 पासून मोठं उत्खनन केलं. मूळ खांब लाकडाचे होते, ते कधीच नाहीसे झालेले, त्यामुळे उघडे पडलेले मजले आणि जिने ढासळायला लागले, इव्हान्सने आधी लाकडाचे टेकू दिले आणि पुढे सरळ काँक्रीट ओतलं. खाली निमुळते, वर रुंद असे ते लाल खांब, ज्यांचा फोटो प्रत्येक ब्रोशरवर असतो, ते विसाव्या शतकातले आहेत. सिंहासनाच्या खोलीतलं दगडी आसन अस्सल आहे आणि मूळ जागीच आहे, भोवतीच्या भिंतींवरचे ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेले काल्पनिक प्राणी) मात्र नव्याने रंगवलेले. बैलावरून उडी मारणाऱ्यांचं इथलं मूळ भिंतीचित्र हेराक्लिओनच्या म्युझियममध्ये आहे. म्हणून क्नोसोस फालतू असं अजिबात नाही, कारण मजल्यावर मजला कसा चढत होता, उजेड खाली कसा उतरत होता हे तिथेच कळतं, फक्त प्रत्येक भिंतीपाशी हे कोणाचं काम असं विचारत फिरायचं.

फेस्तोस दक्षिणेला, हेराक्लिओनपासून साठेक किलोमीटरवर, मेसारा मैदानाच्या कडेला टेकडीवर आहे. हाल्बहेर आणि पेर्निए या इटालियन लोकांनी तेही 1900 मध्येच खणायला घेतलं, पण त्यांनी जे सापडलं ते बरंचसं तसंच राहू दिलं, आणि मला तरी हीच जागा जास्त आवडते. नवा राजवाडा बांधताना त्याची पश्चिमेची भिंत थोडी आत घेतली होती, त्यामुळे जुन्या राजवाड्याच्या भिंतीचा पाया पुढच्या चौकात अजून दिसतो, म्हणजे दोन काळ शेजारी-शेजारी. तिथला रुंद जिना चढून वर गेलात आणि अंगणातून उत्तरेकडे बघितलंत की समोर प्सिलोरितिस डोंगर, त्याच्या उतारावर कामारेस गुहा, जिच्यावरून त्या काळच्या रंगीत भांड्यांना नाव पडलं.

अजून एक गल्लत होते ती लिपीची. मातीची गोल चकती, दोन्ही बाजूंना गोलगोल फिरत जाणारे ठसे, ती 1908 मध्ये फेस्तोसला सापडली आणि आजही कोणाला वाचता आलेली नाही. लीनिअर बी या दुसऱ्याच लिपीच्या मातीच्या पाट्यांचा मोठा साठा क्नोसोसचा, ती लिपी मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये उलगडली आणि त्यातून जुनी ग्रीक भाषा निघाली, हिशेब आणि याद्या. चकती बघायला फेस्तोसला जाऊ नका, ती पण हेराक्लिओनच्या म्युझियममध्येच आहे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपले 12 मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच बैठकीत हे दोन्ही राजवाडे आणखी चार मिनोअन ठिकाणांसोबत गेले.

दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी सकाळी लवकर क्नोसोस, दुपारी म्युझियम, आणि फेस्तोस दुसऱ्या दिवशी, कारण डोक्यात रंग आणि मजले भरलेले असले की तिथले उघडे पाये आपोआप वाचता येतात. टोपी-पाणी न्याच, आणि फेस्तोसजवळच 3 किलोमीटरवर आगिया त्रिआदा हे आणखी एक मिनोअन ठिकाण आहे, तेही त्याच फेरीत उरकता येतं.