क्लाउनफिशमधील जोडी जमणे व आक्रमकता

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात पाळल्या जाणाऱ्या क्लाउनफिशमध्ये (ॲम्फिप्रिऑन प्रजाती) नर-मादीची जोडी भांडणातूनच जमते. हे मासे हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळभित्तींवर सी ॲनिमोनच्या, म्हणजेच समुद्रपुष्प या फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याच्या आश्रयाने राहतात. भारतात ते लक्षद्वीप, अंदमान व मन्नारच्या आखातात आढळतात.

एका समुद्रपुष्पात बहुधा एकच छोटा गट राहतो. त्यातला सर्वांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर आणि बाकीचे प्रजनन न करणारे. मादी मेली की नराची मादी होते आणि त्याच्याखालचा मासा नर बनतो. झालेली मादी मात्र पुन्हा नर होत नाही. संशोधक हान्स व सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये हे लिंगबदल वर्चस्वाच्या दडपणाशी जोडून दाखवले. संशोधक पीटर बस्टन यांना पापुआ न्यू गिनीत दिसले की खालच्या क्रमांकाचे मासे आपली वाढच रोखून धरतात, कारण वरच्याच्या आकाराजवळ पोहोचणाऱ्याला गटातून हुसकावले जाण्याचा धोका असतो.

मत्स्यालयात हाच क्रम काचेपलीकडे उलगडताना दिसतो. मोठा मासा धावून जातो, चावे घेतो, जबडे आपटून टकटक आवाज काढतो. लहान मासा एका कुशीवर कलतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतो. नवख्या पाळणाऱ्याला हा झटका किंवा आजार वाटतो, पण ती शरणागती असते आणि तिच्यामुळेच मोठा मासा थांबतो. थरथर दिसत असेल, तर थोडीफार पाठलाग-पळापळ चालू द्यावी. थरथर नाही, पर (पोहण्याचे पंख) फाटलेले आहेत, लहान मासा हीटरमागे किंवा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात दडून राहतो आणि खायलाही येत नाही, अशा वेळी मात्र थांबून पाहण्यात अर्थ नाही. दोघांमध्ये छिद्रांची जाळी लावून त्यांना ताबडतोब वेगळे करावे. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एका टाकीत ठेवल्या, तर बहुतेक वेळा एक मरते. ‘मरून’ (गडद लाल) जातीच्या क्लाउनफिशची मादी तर आपल्या नरालाही ठार करू शकते.

जोडी स्थिरावली की नर जवळचा सपाट दगड तोंडाने घासून स्वच्छ करू लागतो. मादीचे पोट फुगते आणि तीही त्याच्यासोबत दगड साफ करते. ती दगडाला पोट टेकवून नारिंगी अंडी चिकटवत पुढे सरकते, नर मागोमाग त्यांचे फलन करतो. पुढची राखण मुख्यतः नराची: तो परांनी अंड्यांवर पाणी खेळवतो, मेलेली अंडी खाऊन टाकतो. पिल्लांचे डोळे चंदेरी दिसू लागले की अंडी फुटायची वेळ जवळ आलेली असते. साधारण ६ ते १० दिवसांनी, दिवे मालवल्यावर, ती फुटतात. या काळात काच पुसायला आत घातलेल्या हातावर मादी तुटून पडते. तिचा चावा किरकोळ असतो, पण अंड्यांपासून हात लांबच ठेवावा.

जोडी जमवायची, तर एक लहान व एक त्याहून ठळकपणे मोठे असे दोन कोवळे मासे घ्यावेत आणि ते हॅचरीत (मत्स्य पैदास केंद्रात) वाढलेलेच असावेत. समुद्रातून पकडलेल्या जोडीमागे तिथला गट मोडतो. मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, तर महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशी हॅचरी उभारण्यात आली.