भावी प्राथमिक शिक्षकांची गणिताची तयारी : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात डी.एल.एड.ला, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.ला, बारावीच्या एकूण गुणांवर प्रवेश मिळतो. शाखा कोणतीही चालते. कला शाखेतून येणाऱ्या अनेकांचे गणित दहावीलाच सुटलेले असते. पुढे दोन वर्षांत गणित भेटते ते मुख्यतः अध्यापनपद्धती म्हणून. प्राथमिकचे गणित बारावी झालेल्याला येतेच, हे त्यामागचे गृहीतक.

ते किती कच्चे आहे, हे अमेरिकेतल्या कामातून उघड झाले. विषय येणे आणि पद्धत येणे यांखेरीज शिक्षकाला तिसरे काही लागते, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६मध्ये मांडले : मूल नेमके कुठे अडते आणि तिथे कोणते उदाहरण चालते, याची जाण. १९९९मध्ये लिपिंग मा या संशोधिकेचा, अमेरिकी आणि चिनी प्राथमिक शिक्षकांची तुलना करणारा अभ्यास आला. त्यांनी शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिले आणि त्यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले. गणित सोडवू पाहणाऱ्या २१ अमेरिकी शिक्षकांपैकी ९ जणांचेच उत्तर पूर्ण बरोबर आले. योग्य उदाहरण एकालाच जमले. चीनमधल्या ७२ जणांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर होते आणि ६५ जणांनी उदाहरणही रचले. या चिनी शिक्षकांचे एकूण शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा काही वर्षांनी कमी होते, ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

नेहमीची चूक अशी : ‘पावणेदोन लिटर दूध दोघांत सारखे वाटा.’ हा झाला दोनने भागाकार. उत्तर सात अष्टमांश. हवे होते ‘पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती?’ उत्तर साडेतीन. ‘उलटा करून गुणा’ एवढेच पाठ असले, तर हा फरक दिसत नाही. ४०२ वजा १७८मध्येही तेच. ‘शून्याकडे नाही, म्हणून पुढच्याकडून हातचा घ्या’ हे सगळे सांगतात. पण ४०२ म्हणजे ३ शतक, ९ दशक, १२ एकक, ही फोड क्वचितच कोणी मांडून दाखवतो.

२०१०मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच वर्षी २३ ऑगस्टच्या अधिसूचनेने टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ला झाली. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीच्या पेपर एकमध्ये प्रत्येकी एका गुणाचे १५० बहुपर्यायी प्रश्न, त्यांत गणिताचे ३०. खुल्या गटाला एकूण ९० गुण लागतात, विषयवार किमान गुणांची अट नाही. गणितात ३० पैकी ८ मिळवूनही उरलेल्या १२०मध्ये ८२ मिळाले की उमेदवार पात्र ठरतो. शिवाय चार पर्यायांतून उत्तर निवडता येते, उदाहरण रचता येते का हे कळत नाही. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले.