उन्हाळ्यात जाड ऑइल टाकायची सवय आली कुठून

नवतपा लागायच्या आधी आमच्याकडे दोन कामं ठरलेली, कूलरची खस बदलायची अन् गाडी मिस्त्रीकडे टाकायची. मागच्या मे महिन्यात गेलो तं मिस्त्रीनं इंजिन ऑइल मोजायची डिपस्टिक काढली, टोकावरचा थेंब अंगठा अन् बोटात धरून तार ओढून पाहिली अन् म्हणाला, "भाऊ, पाणी आहे हे, इतक्या उन्हात कसं टिकन? २०डब्ल्यू-५० टाका." माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये चक्क ५डब्ल्यू-३०, म्हणजे त्याहून पातळ ऑइल लिहिलं आहे. मंग खरा कोण? गंमत म्हणजे मिस्त्री काही थापा मारून राहिला नव्हता, त्याचं म्हणणं जुनं आहे एवढंच, अन् त्याला इतिहास आहे.

ऑइलला नंबर द्यायची पद्धत अमेरिकेतल्या एसएई या इंजिनीयरांच्या संस्थेनं १९११ मध्ये सुरू केली. तेव्हा एका डब्यावर एकच नंबर, एसएई ३० म्हणजे ३०, ४० म्हणजे ४०. हे नंबर म्हणजे डिग्रीही नाही अन् टक्केही नाही, नुसतं त्या गटाचं नाव आहे. आजच्या हिशोबानं १०० डिग्रीला ऑइलचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं माप) असला की ते ३०, १२.५ ते १६.३ असला की ४०, अन् त्यावर २१.९ पर्यंत ५०.

एकाच नंबरच्या ऑइलची खरी अडचण थंडीत व्हायची. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कशी गोठून बसते, तसंच ऑइलमधलं मेण थंडीत जमतं अन् स्टार्टर फिरता फिरत नाही. म्हणून थंड देशांतले लोक हिवाळ्यात पातळ अन् उन्हाळ्यात जाड ऑइल टाकायचे, वर्षातून दोनदा. तर ऋतूप्रमाणे ऑइल बदलायची सवय तिथली, अन् तीही थंडीमुळे लागलेली, उन्हामुळे नाही.

१९२९ मध्ये डीन अन् डेव्हिस या दोघांनी व्हिस्कॉसिटी इंडेक्स काढला, म्हणजे तापल्यावर ऑइल किती पातळ होतं ते मोजायची पट्टी. पेनसिल्व्हेनियाच्या चांगल्या तेलाला १०० मार्क, गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य, बाकीचे मधात. पुढं पॉलिमर आले. हे लांब रेणू थंडीत गुंडाळून बसतात अन् तापलं की पसरतात, त्यामुळे गरम ऑइल जास्त पातळ होत नाही. मग १९५० च्या दशकात दोन नंबरांचं मल्टिग्रेड ऑइल बाजारात रुळलं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, बरेच जण वेट, म्हणजे वजन समजतात. डब्ल्यूच्या आधीचा नंबर थंडीतल्या स्टार्टिंगचा, नंतरचा गरम इंजिनचा. ०डब्ल्यूची टेस्ट उणे ३५ डिग्रीला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आता सांगा, नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंत गेला तं आपण शेकोट्या पेटवल्या, म्हणजे आपल्या इथं गाडी चालू होईल का नाही हा प्रश्न २०डब्ल्यूलाही येत नाही. फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला पातळ ऑइल वरपर्यंत लवकर चढतं, तेवढा फायदा आहे.

मिस्त्रीची विद्या मात्र ॲम्बेसेडर अन् पद्मिनीच्या काळातली, उस्तादाकडून शिकलेली. जुन्या इंजिनात फटी मोठ्या, रिंगा झिजल्या की ऑइल खायचं, धूर मारायचं, अन् जाड ऑइल टाकलं की आवाज दबायचा, खपही कमी व्हायचा. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे ऑइलचा तक्ताही असायचा, गरम हवेला जाड ग्रेड. आता इंजिनमधलं पाणी थर्मोस्टॅट ९० च्या आसपास ठेवतो, बाहेर ४६ असो का १०. ऑइलला सहसा असा स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो हेही खरं, एसी फुल, गाडी भरलेली अन् वर्धा रोडवर सुसाट पळवली की ते ११० च्या वर जातं, म्हणून मिस्त्रीचं म्हणणं पूर्ण मोडीत काढता येत नाही.

पण कंपनीनं पातळ ऑइल लिहिलं ते तरी निव्वळ इंजिनच्या प्रेमापोटी आहे का? नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये मायलेजचा कायदा आला, तेव्हापासून कंपन्या पातळ ऑइलकडे सरकत गेल्या, कारण घट्ट ऑइल ढवळण्यात पेट्रोल जातं. २००१ च्या सुमारास तिथं होंडा अन् फोर्डनं ५डब्ल्यू-२० सांगायला सुरुवात केली, २०१३ मध्ये एसएईनं १६ नंबरची ग्रेडच नवीन काढली. भारतात असे मायलेजचे नियम २०१७ पासून लागू झाले अन् आपल्याकडच्या नवीन पेट्रोल गाड्यांच्या झाकणावरही ०डब्ल्यू-२० दिसायला लागलं. पण हे करताना फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगला ऑइल नेणारे बारीक रस्ते सगळं त्या ऑइलच्या हिशोबानं बनवलं, म्हणून अशा इंजिनात एकदम ५० टाकणं मला तरी पटत नाही.

राहिलं मिक्स करायचं. ग्रेड वेगळी म्हणून ऑइल फाटत नाही, एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचा शिक्का असलेल्या ऑइलला दुसऱ्या ऑइलमध्ये नीट मिसळायची टेस्टच पास करावी लागते. माझ्यावर ही वेळ बुटीबोरीच्या पुढं आली होती, अर्धा लिटर कमी अन् दुकानात फक्त २०डब्ल्यू-४०. तेच टाकलं. हिशोब करून पाहिला तं अडीच लिटर ५डब्ल्यू-३० मध्ये (समजा १०.५ सेंटिस्टोक) अर्धा लिटर ४० (समजा १४.५) गेलं की मिश्रण ११ च्या जवळ येतं, म्हणजे ३० च्या आतच. निम्मं-निम्मं केलं असतं तं १२ च्या थोडं वर, ३० अन् ४० च्या उंबरठ्यावर. थंडीच्या बाजूचा नंबर मात्र असा हिशोबानं निघत नाही, दोन्हीकडचे पॉलिमर अन् मेण आवरणारी रसायनं एकमेकांशी कशी वागतील ते टेस्टशिवाय कळत नाही. आपल्याला उणे तापमानाशी घेणं-देणं नाही म्हणून ते चालून गेलं, मनाली-लेहला निघालो असतो तं आधी पूर्ण ऑइल बदललं असतं.

मिस्त्रीला शेवटी ५डब्ल्यू-३० च टाकायला लावलं. त्यानं टाकलं, पण डबा रिकामा करता करता "तुमची गाडी, तुमची मर्जी" म्हणालाच, अन् पुढच्या जुन्या व्हॅनमध्ये २०डब्ल्यू-५० ओतायला गेला, जिथं ते खरंच शोभत होतं.