गोगलगाय कुठून आली? 'शंकर्स वीकली'ची पार्श्वभूमी

११ मे २०१२ रोजी लोकसभेत गदारोळ झाला तो एका जुन्या चित्रावरून. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते २००६ पासून छापलं जात होतं. गोगलगाईच्या पाठीवर डॉ. आंबेडकर बसलेले, हातात चाबूक. गोगलगाय म्हणजे राज्यघटना. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. भोवती बघ्यांची गर्दी. राज्यघटना तयार व्हायला लागलेल्या जवळजवळ तीन वर्षांवरची ही टिप्पणी. पण नेहरूंचा चाबूक नेमका कोणावर उगारलेला आहे, गोगलगाईवर की तिच्यावर बसलेल्या माणसावर, हे चित्र पाहणाऱ्यावर अवलंबून राहतं, आणि सगळा वाद तिथेच होता. तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागून चित्र काढून टाकण्याचं जाहीर केलं. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

त्या आठवड्यात मराठीत या चित्रावर पुष्कळ लिहिलं गेलं, बोललं गेलं. चित्र ज्यात आलं ते साप्ताहिक कसलं होतं, कोणाच्या आशीर्वादानं निघालं आणि कसं संपलं, याकडे मात्र फारसं कोणी वळलं नाही. चित्र २८ ऑगस्ट १९४९ चं. साप्ताहिकाचं नाव 'शंकर्स वीकली'. स्वतंत्र भारतातलं निव्वळ व्यंगचित्रं आणि विनोदी लेखांना वाहिलेलं पहिलं मोठं नियतकालिक म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

ही जातकुळी अर्थात विलायती. पॅरिसमध्ये १८३२ साली 'ल शारिवारी' निघालं, ते बघून लंडनमध्ये १८४१ साली 'पंच' निघालं. 'कार्टून' या शब्दाला आजचा अर्थही 'पंच'नेच दिला. १८४३ साली लंडनमध्ये संसदेच्या नव्या इमारतीतल्या भित्तिचित्रांच्या कच्च्या आराखड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. अशा आराखड्यांना कार्टून म्हणत. 'पंच'ने आपल्या टिंगलीच्या चित्राला मुद्दाम तेच नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. हिंदुस्थानात या 'पंच'ची पोरं भराभर जन्मली. मुंबईत १८५४ मध्ये 'पारसी पंच' निघालं, त्याचंच पुढे 'हिंदी पंच' झालं. लखनौला १८७७ मध्ये उर्दूत 'अवध पंच' आलं. ठाण्याहून मराठीत 'हिंदू पंच' निघत असे. 'हिंदी पंच'मध्ये तर इंग्रजी 'पंच'मधल्या मिस्टर पंच या पात्राचा चक्क 'पंचोबा' झाला होता. नाव उसनं असलं तरी 'पंच' म्हणजे न्याय करणारे पाच जण हा अर्थ आपल्याकडे आयताच तयार होता, त्यामुळे ते इथे परकं वाटलं नाही.

गोगलगाईचं चित्र काढणारे आणि 'शंकर्स वीकली'चे संस्थापक-संपादक केशव शंकर पिल्लई, म्हणजे शंकर, यांचा जन्म १९०२ सालचा, केरळातल्या कायमकुळमचा. विज्ञानाची पदवी घेऊन कायदा शिकायला ते मुंबईत आले. कायदा अर्धवट सुटला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नरोत्तम मोरारजी यांच्याकडे ते खासगी चिटणीस म्हणून लागले आणि फावल्या वेळात 'फ्री प्रेस जर्नल' आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'ला चित्रं देऊ लागले. म्हणजे दिल्लीच्या व्यंगचित्राचा हा मूळपुरुष घडला तो मुंबईच्या वर्तमानपत्रांत. १९३२ साली संपादक पोथन जोसेफ यांनी त्यांना 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये दिल्लीला नेलं. तिथे ते १९४६ पर्यंत होते.

ब्रिटिश अमदानीतल्या दिल्लीत राहून व्हाइसरॉयची टोपी उडवायची म्हणजे आज आपल्याला मोठं धाडस वाटतं. ते होतंच. पण व्हाइसरॉय मंडळी शंकर यांच्याकडून मूळ चित्रं मागवून घेत, ही गोष्टही तितकीच खरी. राज्यकर्त्याने आपल्यावरचं व्यंगचित्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं की त्याचा दिलदारपणाही सिद्ध होतो आणि चित्राचे दातही थोडे बोथट होतात. शंकर यांच्या सगळ्या कारकिर्दीवर हा पेच पसरलेला दिसतो. गांधीजींनी मात्र त्यांना सरळ कानपिचकी दिली होती. जिनांवरच्या एका चित्राबद्दल त्यांनी शंकर यांना कळवलं: चित्रकला म्हणून तुमचं काम चांगलं आहे, पण ते नेमकं बोलत नसेल आणि कोणाला न दुखवता थट्टा करत नसेल, तर तुम्ही या धंद्यात फार वर जाणार नाही. कोणालाही न दुखवता थट्टा करायची हे गांधीजींनाच सुचावं!

मे १९४८ मध्ये 'शंकर्स वीकली'चा पहिला अंक निघाला. प्रकाशन पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झालं. "मला सोडू नकोस, शंकर", म्हणजे माझीही गय करू नकोस, हे नेहरूंचं वाक्य तेव्हापासून इतक्यांदा छापलं गेलंय की ते भारतीय लोकशाहीचं प्रशस्तिपत्रक होऊन बसलंय. शंकर यांनीही शब्द पाळला. नेहरूंना त्यांनी शेकडो चित्रांतून काढलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं १७ मे १९६४ चं. थकलेले, वाळलेले नेहरू हातात मशाल घेऊन धावताहेत आणि मागे गुलझारीलाल नंदा, लालबहादूर शास्त्री, मोरारजी देसाई, कृष्ण मेनन, इंदिरा गांधी. दहाच दिवसांनी, २७ मे रोजी, नेहरू गेले. त्यांच्यामागे नंदा हंगामी पंतप्रधान झाले, मग शास्त्री, मग इंदिरा गांधी, आणि १९७७ मध्ये मोरारजी. चित्रातल्या पाठलाग करणाऱ्यांपैकी एकटे मेनन तेवढे मागे राहिले. चित्र आजही वारंवार छापलं जातं ते या योगायोगामुळे, पण मला त्यातलं थकलेलं शरीर जास्त लक्षात राहतं. इतकं निर्दय आणि इतकं आपुलकीचं चित्र एकाच रेषेत काढायला त्या माणसाच्या घरात ऊठबस असावी लागते.

आणि तीच अडचण आहे. "मला सोडू नकोस" हे ज्याला म्हणता येतं त्याच्या खुर्चीला धक्का लागणार नसतो. आंबेडकरांना असं वाक्य म्हणण्याची सोयच नव्हती. ते व्यंगचित्रकारांच्या बैठकीतले नव्हते, त्यांच्या बाजूची मोठी इंग्रजी वर्तमानपत्रंही नव्हती. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली आंबेडकरांवरची इंग्रजी वर्तमानपत्रांतली शंभरावर व्यंगचित्रं शोधून २०१९ मध्ये पुस्तकात आणली. ती एकापाठोपाठ एक बघितली की गोगलगाईचं चित्र एकटं उरत नाही. कधी बुटकं, कधी रडवं, कधी बाईच्या वेशात काढलेलं तेच शरीर पुन्हा पुन्हा भेटतं, आणि काढणाऱ्यांत शंकर यांचंही नाव आहे. पाठ्यपुस्तकातून चित्र काढून टाकावं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. वर्गात ते दाखवूनच शिकवता आलं असतं. पण 'आंबेडकर स्वतः तेव्हा रागावले नव्हते, मग आता का?' हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो. हसणाऱ्यांच्या घोळक्यात आपलं कोणीच नसताना रागावून कोणाला सांगायचं?

एक सांगायला हवं, 'शंकर्स वीकली' म्हणजे एकटे शंकर नव्हते. अबू अब्राहम 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून तिथे गेले आणि तिथून लंडनला. ओ. व्ही. विजयन १९५८ मध्ये आले. कुट्टी, सॅम्युएल, रंगा, येसुदासन अशी मोठी रांग आहे, आणि त्यातले बहुतेक मल्याळी. दिल्लीच्या राजकारणावर अर्धशतक हसला तो केरळ, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. अंकात व्यंगचित्रांबरोबर उपरोधिक लेख असत आणि 'मॅन ऑफ द वीक' या सदरात कोणा एकाचं अर्कचित्र नि शब्दचित्र.

साप्ताहिक असल्यामुळे राजकारणाचा पाठलाग करणं जमत होतं. मासिकाला ते जमत नाही, महिन्याभरात मंत्री बदलतो आणि विनोद शिळा होतो. कन्नडमध्ये डॉ. एम. शिवराम, म्हणजे 'राशी', यांनी १९४२ साली बंगळूरहून 'कोरवंजी' हे विनोदी मासिक काढलं, विद्यार्थीदशेतले आर. के. लक्ष्मण त्यात चित्रं काढत. ते रोजच्या जगण्यातल्या विसंगतीवर, घरगुती विनोदावर पंचवीस वर्षं चाललं, १९६७ मध्ये थांबलं. १९८३ मध्ये 'अपरंजी' या नावानं ती परंपरा पुन्हा सुरू झाली. मराठीतही निर्विष विनोद मासिकांकडे आणि मुख्य म्हणजे दिवाळी अंकांकडे गेला. मधुकर पाटकरांचा 'आवाज' १९५१ पासूनचा. त्यातली खिडकीचित्रं, म्हणजे कागदाची झडप उघडली की आत दुसरंच चित्र दिसणारी, वर्षातून एकदाच उघडायची असत, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत घरातली मोठी माणसं अंक कपाटावर ठेवत नि लहान माणसं खुर्ची लावून तो काढत. आमच्याकडे तरी तसंच होतं.

राजकीय विनोदाचं मराठी साप्ताहिक आलं ते १३ ऑगस्ट १९६० रोजी. 'फ्री प्रेस जर्नल' सोडलेल्या बाळ ठाकरे यांनी बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह 'मार्मिक' काढलं, नाव वडील प्रबोधनकारांनी दिलं, आणि प्रकाशनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. इथेही पहिल्या अंकाला राज्यकर्ताच! पण पुढची वाट अगदी वेगळी. 'वाचा आणि थंड बसा' या सदरात मुंबईतल्या कचेऱ्या-कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांची नावं नुसती एकाखाली एक छापली जात. त्यात विनोद असा काही नव्हता. मग सदराचं नाव 'वाचा आणि उठा' झालं आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना. 'शंकर्स वीकली' सत्तेच्या दिवाणखान्यात बसून चिमटे काढत होतं, 'मार्मिक'ने दिवाणखान्याबाहेरच्या माणसांची गर्दी जमवली. दोघांचे संपादक एकाच दैनिकात चित्रं देऊन गेलेले, फक्त एका पिढीच्या अंतराने.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली. ठाकरे यांनी तिला पाठिंबा दिला. 'शंकर्स वीकली'चा शेवटचा अंक ३१ ऑगस्ट १९७५ चा. आणीबाणीने साप्ताहिक बंद पाडलं, असं सरधोपट सांगितलं जातं. शंकर यांनी ते स्वतःहून थांबवलं. त्यांचं वय तेव्हा ७३ होतं. पण निरोपाच्या संपादकीयात त्यांनी लिहिलं ते कोणालाही कळण्यासारखं होतं: हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, कारण लोक हुकूमशहालाच हसतील; हिटलरच्या सगळ्या वर्षांत एक चांगली विनोदी कलाकृती, एक चांगलं व्यंगचित्र, एक विडंबन निपजलं नाही. नाव कोणाचं घेतलं नव्हतं. ज्यांच्या वडिलांनी या साप्ताहिकाचा पहिला अंक हातात घेतला होता, त्या पंतप्रधान होत्या.

त्याच डिसेंबरात शंकर यांच्याच तालमीतल्या अबूंनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना न्हाणीघराच्या टबात बसून अध्यादेशावर सही करताना काढलं. चित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलं. अबू तेव्हा राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. आणि १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, सरकारने शंकर यांना पद्मविभूषण दिलं. १९५६ ला पद्मश्री, १९६६ ला पद्मभूषण, बरोबर दहा-दहा वर्षांनी. सरकारची विनोदबुद्धी अशी अधूनमधून नकळत दिसते.

शंकर त्यानंतर तेरा वर्षं जगले, २६ डिसेंबर १९८९ पर्यंत. साप्ताहिकाच्या पोटातून निघालेलं दुसरं काम तोवर त्याच्याहून मोठं झालं होतं. १९४९ मध्ये, गोगलगाईच्याच वर्षी, साप्ताहिकाच्या खास बालअंकासाठी त्यांनी मुलांची चित्रकला-लेखन स्पर्धा घेतली. ती पुढे आंतरराष्ट्रीय झाली. आपल्याकडच्या शाळांत चित्रकलेच्या सरांनी 'शंकर्स'साठी चित्रं मागितल्याचं अनेकांना आठवत असेल. १९५७ मध्ये मुलांची पुस्तकं स्वस्तात काढायला चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट, १९६५ मध्ये दिल्लीत बाहुल्यांचं संग्रहालय, आणि या सगळ्याची इमारत बहादूरशाह जफर मार्गावर. तिचं नाव नेहरू हाऊस.

अकरावीच्या त्या पुस्तकात गोगलगाईच्या चित्राखाली चित्रकाराचं नाव होतं आणि हक्क कोणाचे तेही छापलं होतं: चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट.