डेट्रॉइटमधील प्रोटेस्टंट चर्च आणि कामगारप्रश्न

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या मोटारनगरीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रोटेस्टंट मंडळ्यांनी घेतलेल्या सामाजिक भूमिका. १९०० मध्ये पावणेतीन लाखांहून थोडी अधिक असलेली शहराची वस्ती १९३० पर्यंत १५ लाखांपलीकडे गेली. कारखान्यांवर वाढलेल्या या शहरात चर्चच्या देणग्याही बहुधा कारखानदारांच्याच खिशातून येत. पाळकांच्या धैर्याचे आणि मौनाचेही बरेचसे कारण इथे सापडते.

१९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली. मात्र पूर्ण रक्कम हवी तर कामगाराचे घर, बचत व दारूचे व्यसन तपासले जाई. तपासणी करणाऱ्या विभागाचे प्रमुखपद १९१५ मध्ये एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू सॅम्युएल मार्क्विस यांनी स्वीकारले. हेतू सुधारणेचा होता, पण चाकरी मालकाची. १९२१ मध्ये ते बाहेर पडले.

बेथेल इव्हँजेलिकल चर्चचे पाळक राइनहोल्ड नीबूर (कार्यकाल १९१५–२८) यांनी वेगळा हिशेब मांडला. रोजची मजुरी भरघोस दिसली, तरी मधल्या बेकारीमुळे वर्षाची कमाई किती उरते, हा त्यांचा प्रश्न होता. १९२७ मध्ये फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचे उत्पादन थांबून हजारो कामगार घरी बसले, तेव्हा त्याचे उत्तर शहराला मिळाले. १९२५ च्या महापौर-निवडणुकीत त्यांनी कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेच्या उमेदवाराला उघड विरोध केला. १९२६ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनांच्या महासंघाचे अधिवेशन डेट्रॉइटला भरले. कामगारनेत्यांना भाषणासाठी बोलवायचे ठरवलेल्या बहुतेक चर्चनी व्यापारी मंडळाच्या दबावाखाली पाऊल मागे घेतले. बेथेलसह मोजक्याच मंडळ्या शब्दाला जागल्या.

कृष्णवर्णीय मंडळ्यांची कोंडी अधिक बिकट होती. फोर्ड कृष्णवर्णीयांना इतर मालकांपेक्षा जास्त काम देत, आणि सेकंड बॅप्टिस्ट चर्चचे रॉबर्ट ब्रॅडबी यांच्यासारख्या पाळकांची शिफारसचिठ्ठी त्यासाठी उपयोगी पडे. फोर्ड युनियनविरोधी असल्याने साहजिकच युनियनच्या बाजूने बोलणे म्हणजे मंडळीतल्या लोकांच्या पोटावर पाय आणणे. तरीही हार्टफर्ड अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे चार्ल्स हिल यांनी युनाइटेड ऑटो वर्कर्स या मोटारकामगारांच्या युनियनच्या सभांना आपल्या चर्चमध्ये जागा दिली. एप्रिल १९४१ च्या संपानंतर फोर्ड कंपनीने या युनियनशी करार केला. हिल पुढे नगरपरिषदेसाठी अनेकदा उभे राहिले. निवडून मात्र कधीच आले नाहीत.